आण्णाचं इष्टलिंग आणि माझं बँकॉक

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढं नाही, देवापुढंही नाही — त्याच्यासमोर बसलो की मी भलतंच काहीतरी पुटपुटत राहतो. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर आताही बघा, जीभ मुद्द्यावर यायला तयार नाही. म्हणून आधी बँकॉकचं सांगतो. ते सोपं आहे, आणि सुरुवातही तिथूनच झाली.

देश परदेशी कंपन्यांना नुकताच उघडला होता तेव्हाची गोष्ट. तेलगावात आमचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान होतं. भाग कपाशीचा, कपाशीवर बोंडअळी, आणि अळीवर रोज नवीन कंपनीचं नवीन औषध. अशाच एका कंपनीच्या साहेबानं औरंगाबादच्या हॉटेलात आम्हा दुकानदारांना जेवायला बोलावलं आणि जेवताना टीव्हीवर कॅसेट लावली. निळं पाणी. वाकलेली नारळाची झाडं. लांब शेपटाच्या होड्या. या हंगामात ठरवून दिलेला माल जो उचलेल त्या दुकानातला एक माणूस थायलंडला, विमानानं, कंपनीच्या खर्चानं. मी तोवर समुद्र बघितलेला नव्हता. हातातला घास हातातच राहिला, ही काही बढाई नाही.

मग मला दुसरं काही सुचेना. पासपोर्टसाठी धावलो. तो टपालानं आला त्या दिवशी त्यातला स्वतःचा फोटो मी किती वेळा बघितला असेल! बीडच्या शिंप्याकडून फुलाफुलांचे दोन शर्ट शिवून घेतले — तिकडं बारा महिने घाम निघतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. नंबरच्या कुलपाची बॅग घेतली. आम्ही लिंगायत, मांसमच्छीचा वासही चालत नाही, म्हणून बायकोला धपाट्यांचं आणि शेंगदाण्याच्या चटणीचं आधीच सांगून ठेवलं. विमानतळावर तपासणीत गळ्यातलं लिंग काढायला लावतात का, हे मी साहेबाला खाजगीत विचारलं. तो हसला. मला राग आला, पण गिळला. बॅग मी घरी नेली नाही, दुकानामागच्या गोदामात पोत्यांच्या आड ठेवली. अधूनमधून जाऊन तिचं कुलूप उघडायचो आणि पुन्हा लावायचो. हसताय ना? हसा. मी तेव्हा मोटारसायकलवर गावोगाव फिरून माल खपवत होतो, आणि माल खपावा म्हणून जुन्या बाटल्यांवरची तारीख ब्लेडनं खरवडून काढत होतो. हा माझा लहान गुन्हा. तो मी ओघात सांगून टाकला, कारण मोठा अजून लांब आहे.

आता आण्णा. रेवणअप्पा — माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, मला त्यानं वाढवलं. दुकानाचं लायसन त्याच्या नावावर, पाटीवर नाव त्याचं, गादीवर बसणं त्याचं. आमच्यात तसंच असतं, थोरला असताना धाकट्याचं नाव पाटीवर चढत नाही आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. पण कंपनी माणूस निवडते तो लायसनवरच्या नावावरून — हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. घाम मी गाळला, म्हणजे जाणार मीच, असं मी धरून चाललो होतो. आण्णाला कधी विचारलंही नाही. का विचारलं नाही? बहुतेक उत्तराची भीती असावी.

ज्या दिवशी हे सगळं घडलं त्या दिवशी सकाळी सुखदेव दुकानात आला. सुखदेव आमच्याच गावचा, बौद्ध वस्तीतला, माझ्याबरोबर शाळेत एका बाकावर बसलेला. विहिरीत मला पोहायला शिकवलं ते त्यानंच. थोडी कोरडवाहू कपाशी करायचा. त्यानं रिकामी बाटली आण्णापुढं आपटली आणि म्हणाला, "आण्णा, ह्या औषधानं आळी मरंना, उलट बाळसं धरायली. ह्याच्यावरली तारीक कावून खरवडली? तुमीच प्या हे एकदा, मग बगू." गिऱ्हाईकं हसली. मी उठलो, शिवी दिली, त्याच्या छातीला हात लावून त्याला पायरीखाली ढकललं. त्यानं बाटली पायरीवर फोडली. "तालुक्याला अर्ज देतो. मंग बगा तुमी," असं ओरडून तो गेला. हे बाजारातल्या सगळ्यांनी ऐकलं. नीट लक्षात ठेवा, कारण गावानंही ते नीट लक्षात ठेवलं.

दुपारी कंपनीच्या साहेबाचा फोन आला. रेवणअप्पांचा पासपोर्ट पोचला, तिकिटाचं झालं. मला आधी वाटलं नाव चुकलं. मी आण्णाकडं बघितलं, तर तो लहान पोरासारखा हसत होता. त्यानं गुपचूप पासपोर्ट काढला होता. का सांगितलं नाही, असं मी विचारलं, तर म्हणाला, "तू ल्हान हायस रे शिवा, तुला अजून लई डाव येतील. मी एकदा इमानात बसून घेतो. आन् गोदामातली ती तुजी बॅग नेतो, नवी कावून घ्यायची?" म्हणजे बॅगही त्याला ठाऊक होती. माझे कुलूप उघडून बघायचे खेळही ठाऊक असणार. त्यात वाईट काहीच नव्हतं, हे आज कळतं. त्या वेळी माझ्या कानात नुसता आवाज भरला होता. मी हो म्हणालो, वाटतं.

दिवेलागणीला वीज गेली. आण्णा बॅग आणायला गोदामात गेला होता. मी मागच्या दारानं आत गेलो. माझ्या हातात शटर ओढायचा लोखंडी आकडा होता. तो मी कधी उचलला? खरंच आठवत नाही — पण हे मी सुटकेसाठी म्हणत नाहीये. जड लोखंड हातात आहे हे मला चालताना कळत होतं.

तो पाठमोरा, वाकलेला होता. बॅगेच्या कुलपाशी झटापट करत होता. मी मारलं. पहिला फटका खांद्यावर बसला, तो 'आई' म्हणाला. त्या हाकेनं थांबायला हवं होतं ना? मी मागून त्याच्या गळ्याशी सदरा धरून ओढला आणि डोक्यात मारलं. मग पुन्हा. तो पोत्यांवर तोंडावर कोसळला. खाली पडलेल्या माणसाच्या पाठीत, बरगडीत मी मारत राहिलो. डोक्यातून रक्त युरियाच्या पोत्यांवर ओघळताना अंधारातही दिसत होतं. मला थकवा आला तेव्हा मी थांबलो. दया आली म्हणून नव्हे.

आणि तेव्हा पायाशी काहीतरी लागलं. ओढाताणीत आण्णाच्या गळ्यातला दोरा तुटला होता आणि त्याचं इष्टलिंग जमिनीवर पडलं होतं.

दुसरा कुणी असता तर पळाला असता. मी वाकलो आणि ते उचललं. लिंग जमिनीवर राहू द्यायचं नाही — हे आम्हाला चालता येण्याआधीपासून शिकवलेलं. रक्ताच्या थारोळ्यात भाऊ ठेवून आलो, पण लिंग जमिनीवर ठेवलं नाही. कपाळाला लावलं, खिशात टाकलं, मागच्या बोळातून बाहेर पडलो, हापशावर हात आणि आकडा धुतला आणि पानाच्या टपरीपाशी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं हमालानं बोंब ठोकली. सगळ्यांबरोबर मीही धावलो. आण्णाला जीपमध्ये घालताना त्याचं डोकं माझ्याच मांडीवर होतं.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोचायच्या आतच कुणीतरी म्हणालं, सकाळी तो सुखदेव लई बोलत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

आण्णा शुद्धीवर आला. मारणारा त्याला दिसला नव्हता. त्यानं पहिल्यांदा हात गळ्याशी नेला आणि विचारलं, "लिंग कुठाय?" मग पाणी नको म्हणाला. तुम्हाला आमच्या घरची रीत माहीत नसेल तर सांगतो. सकाळी लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय आण्णा पाण्याचा घोट घेत नसे, तापात फणफणला तरी. वहिनीनं गोदामातलं पोतं न पोतं झटकून घेतलं, केर चाळणीनं चाळला, आणि लिंग नाही म्हटल्यावर दाराला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली. जंगमस्वामी आले, विधी करून नवं बांधतो म्हणाले. आण्णा ऐकेना. वडिलांनी दीक्षेच्या दिवशी बांधलेलं तेच पाहिजे, नाहीतर राहिलं. सलाइनची सुई त्यानं दोनदा उपसून टाकली. ओठ फुटले, लघवी कमी झाली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर आमच्या हातात काही नाही.

आणि ते माझ्या पँटच्या खिशात होतं. त्याच्या खाटेजवळ उभं राहून मी खिशात हात घालून ते चाचपत होतो.

तुम्ही म्हणाल, द्यायचं होतं. कसं देणार? कुठं सापडलं म्हणून सांगणार? ज्याच्याकडं लिंग त्यानंच मारलं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. की तुम्ही म्हणाल, रस्त्यात सापडलं म्हणायचं, देवळाच्या पायरीवर सापडलं म्हणायचं? म्हणता आलं असतं. आज मला असे कितीतरी मार्ग दिसतात. पण सुखदेवचं नाव आधीच लोकांच्या तोंडी होतं. त्याच्या वस्तीतल्या माणसावर आळ घेतला की आमच्या गावात पुरावा लागत नव्हता — मला ते माहीत होतं, आणि मी त्यावरच भिस्त ठेवली.

मी लिंग आण्णाच्या तळहातावर ठेवलं आणि सांगितलं, सुखदेवच्या कडब्याच्या गंजीत मिळालं.

आण्णा रडला. माझा हात त्यानं डोळ्यांना लावला. वहिनीनं त्याला पाणी पाजलं. आणि बाहेर व्हरांड्यात माझे चुलतभाऊ उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. नुसतं डोकं फोडलं असतं तर कदाचित पोलिसांवर सोडलं असतं. पण लिंग? त्यानं लिंगाला हात लावला? ते गंजीत कोंबलं? जीप काढली. मला म्हणाले, तू थांब आण्णापाशी. मी थांबलो नाही. सुखदेवनं तोंड उघडलं तर मी तिथं हवा होतो.

सुखदेव अंगणात बसून फवाऱ्याचा पंप दुरुस्त करत होता. त्याला वाटलं आम्ही औषधाच्या भांडणावरून आलोय. तो उठून म्हणाला, "या की, बसा, बोलू." पहिला दांडका त्याच्या गुडघ्यावर बसला. तो खाली आला की लाथा सुरू झाल्या. त्याची बायको कांता मधे पडली, तिला केसाला धरून बाजूला फेकलं, तिचं कपाळ उंबऱ्यावर आपटलं. कुणी चूल उकरली, कुणी वेचून ठेवलेला कापूस मातीत कालवला. शेजारी दारं लावून आत होते, जे बाहेर आले त्यांना मागं रेटलं. "लिंग चोरतो काय बे!" असं म्हणत प्रत्येक जण मारत होता. त्याच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मीही मारत होतो, पण मागून, हलक्या हातानं — लोकांना दिसावं एवढंच.

तुम्हाला सुखदेवचा आवाज माहीत नाही. जयंतीच्या दिवशी तो भाषण करायचा तेव्हा त्याला माईक लागत नसे. आमच्या ओसरीवर बसून शब्द न शब्द कळायचा. मार खाताना तो आधी नुसता विव्हळत होता. मग त्याच्या कानावर 'लिंग' हा शब्द पडला असावा. त्यानं विचारलं, कसलं लिंग? कुणीतरी शिवी देत सांगितलं, तुझ्या गंजीतून शिवानं काढलं ते. सुखदेव थांबला. म्हणजे — मार चालूच होता, पण तो आतून थांबला, असं मला दिसलं. त्यानं मान वर केली आणि त्या गर्दीत मला शोधलं. एका बाकावर बसलेली माणसं आम्ही, त्याला हिशेब जुळवायला वेळ लागला नाही.

शिव्यांच्या गलक्यात, धाप लागलेल्या आवाजात तो म्हणाला, "माज्याकडं कायबी नव्हतं. लिंग ज्यानं आणून दिलं त्यानंच आण्णाला मारलं. त्याला इचारा बे!"

आमचे वैजनाथकाका, वयानं सगळ्यांत मोठे, त्यांचा वर गेलेला हात तसाच राहिला. ते म्हणाले, "थांबा रे. काय म्हणतोय त्यो, ऐका." आणि लोक थांबले. खरंच थांबले. एवढा मारलेला माणूस आणि त्याच्याभोवती सगळे धापा टाकत उभे, आणि सुखदेवनं पुन्हा बोलायला तोंड उघडलं.

एवढ्या वळणांनी मी आलो तो इथं यायचं होतं म्हणून. भावाला मारलं ते रागात, असं तुम्ही म्हणाल आणि मला थोडी सूट द्याल. खोटं बोललो ते भीतीनं, म्हणाल. पण इथं मला राग नव्हता. भीतीही नव्हती, डोकं एकदम थंड होतं. मी पुढं गेलो, पंपाची पितळी नळी पडली होती ती उचलली आणि दोन्ही हातांनी त्याच्या जबड्यावर घातली. हाड आत गेल्याचं हातांना कळलं. त्याचं तोंड अजून हलत होतं, म्हणून पुन्हा घातली. दात मातीत पडले. मी ओरडत होतो — वर तोंड करून बोलतोस, माझ्या भावाचा जीव घेतोस. लोकांना ते भावाचं प्रेम वाटलं. वैजनाथकाकांनीच मला मागून मिठी मारली आणि म्हणाले, पुरे बाबा, मरंल. तो काय म्हणत होता, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

वस्तीतल्यांनी तक्रार द्यायचं ठरवलं होतं. दोन्हीकडची मोठी माणसं बसली, आमच्या बाजूनं देवाची विटंबना हा शब्द पुढं आला. तो शब्द मी सुचवला होता. तक्रार गेली नाही. सुखदेवनं पुढं कुणाला लिहून दाखवलं असेल, खुणेनं सांगितलं असेल, मला माहीत नाही. सांगितलं असलं तरी आमच्या गावात ते मानायला कोण बसलं होतं?

आणि मी बँकॉकला गेलो. आण्णाला उठवत नव्हतं, म्हणून कंपनीनं त्याच्या जागी माझं नाव घातलं. बॅगेवरचे डाग वहिनीनं स्वतः घासून काढले होते. तिकडं मला झोप लागली नाही, समुद्र बघून मला रडू कोसळलं — असं काही ऐकायची तुमची इच्छा असेल तर तसं झालेलं नाही. मी फुलाफुलांचा शर्ट घातला, पाण्यात उड्या मारल्या, शहाळी प्यालो, फोटो काढून घेतले. मला फार मजा आली. परत आल्यावर आण्णा माझ्याकडून समुद्राचं पुन्हा पुन्हा ऐकायचा. मारानं त्याचा तोल कायमचा गेला होता, भिंत धरून चालायचा, कुठंच गेला नाही मग. शिवा होता म्हणून माझं लिंग मिळालं, असं पाहुण्यारावळ्यांना सांगायचा. मी शेजारी बसून ऐकायचो. तो गेला तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून पुरलं, लिंग त्याच्या तळहातावर ठेवलं. तेही मीच ठेवलं.

सुखदेव आहे. गावातच आहे. जबडा वाकडा जुळला, जिभेलाही काहीतरी झालं. तो बोलतो, पण कांता सोडून ते कुणाला कळत नाही. दुकानात काही घ्यायला गेला तर तिला बरोबर नेतो. जयंतीला खाली बसून दुसऱ्यांची भाषणं ऐकतो. रस्त्यात समोर आला तर तो बाजूला होत नाही. मी होतो.

त्या दिवशी अंगणात तो जे बोलला ते वैजनाथकाकांना अर्धवट ऐकू आलं, बाकीच्यांना आलंच नाही. मला सगळं ऐकू आलं होतं. त्याच्या तोंडून नीट निघालेलं ते शेवटचं बोलणं. ते माझ्याबद्दल होतं, आणि शब्द न शब्द खरं होतं.